शून्य पॉइंट सातचं टोपण

मार्च महिन्यातला दुसरा सोमवार, सकाळी साडेदहा. रक्कम बेचाळीस हजार रुपये. हजर चौघे: मी, माझी पत्नी, निपाणीतल्या एका मोठ्या गॅरेजचा सुपरवायझर आणि कोणी न बोलावता आलेले एक म्हातारे मेस्त्री. ते तिथे फेकून दिलेले रबरी पाईप मागायला आले होते.

सुपरवायझरने बॉनेट उघडून मला रेडिएटरचा वरचा पाईप दाबायला सांगितला. पाईप दगडासारखा होता. "हेड गॅस्केट गेलंय," तो म्हणाला. "इंजिनातला गॅस पाण्यात शिरतोय, म्हणून पाईप असा फुगतोय. इंजिन उघडावं लागणार. सहा दिवस धरा."

मेस्त्रींनी हातातली पाईपांची मोळी खाली ठेवली. उजव्या हातातला कापडी हातमोजा काढला, तोच पाईप दोन बोटांनी दाबला आणि मला विचारलं, "गाडी कुठनं आणलीसा?"

"घरातून. वाटेत पेट्रोल टाकलं, बँकेसमोर थांबलो. पाऊण तास चालूच आहे."

"मग कडक हुईल न्हाय तर काय? जिना चढून आलेल्या माणसाची छाती धडधडती म्हणून त्याचं ऑपरेशन करतासा व्हय?"

"मामा, पाईप मिळालं न्हवं? घ्या आन निघा," सुपरवायझर म्हणाला.

मेस्त्रींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते माझ्या पत्नीला म्हणाले, "आक्का, पत्ता सांगा. गाडी घरला न्या, उद्या सकाळी सहाला येतो. तवर परत चालू करू नका. झोपल्याली बघायची हाय."

इथे सांगायला हवं की त्या आठवड्यातला बुधवार आमच्यासाठी का महत्त्वाचा होता. पत्नीच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं होतं आणि बुधवारपासून बेळगावच्या दवाखान्यात तिचा शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू होणार होतं. पंचवीस फेऱ्या, सोमवार ते शुक्रवार, रोज अकरा वाजता. मध्ये खंड पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. बेळगावातच राहावं तर मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर होती आणि संध्याकाळी आई घरात हवी होती. एका बाजूचे पंचाहत्तर किलोमीटर, मध्ये तवंदीचा आणि वंटमुरीचा असे दोन घाट. डावा हात खांद्याच्या वर जात नसलेल्या बाईला भरल्या बसमध्ये रोज चढवायचं माझ्या मनाला पटेना. भाड्याच्या गाडीचा हिशेब मी केला होता, तो परवडणारा नव्हता. राहिली आमची अकरा वर्षांची गाडी, आणि ती घाट चढताना तापत होती.

मंगळवारी सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना मेस्त्री आले. बॉनेट उघडल्यावर त्यांनी वरच्या पाईपाकडे पाहिलंच नाही, हातातल्या बॅटरीचा झोत खाली मारला. इंजिनाकडे जाणारा खालचा पाईप पार चपटा झाला होता, कोणी पायाखाली दाबून धरल्यासारखा.

"ह्येला कोण चिमटलंय?"

"कुणी नाही."

"रोज सकाळी असा असतोय?"

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत मी त्या गाडीचं मायलेज दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून ठेवलं होतं, पण खालचा पाईप कधी पाहिला नव्हता. मी तसं सांगितलं. त्यांनी गार रेडिएटरचं टोपण फिरवलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि पाईप पुन्हा गोल झाला.

"टोपणाला दोन कामं," ते म्हणाले. "आत दाब वाढला की थोडा भाईर सोडायचा, आन गाडी गार झाली की भाईरचं पाणी परत आत घ्यायचं. ह्यो गडी दोनीबी दारं लावून बसलाय. गरम असताना सोडंना, गार झाल्यावर घेईना."

मग टोपण उघडं ठेवून त्यांनी गाडी चालू करायला लावली. आत बुडबुडे येतात का ते बघत दहा मिनिटं उकिडवे बसून राहिले. बुडबुडे आले नाहीत. म्हणजे इंजिनातला गॅस पाण्यात जात नव्हता. गॅस्केट शाबूत होतं. बेचाळीस हजार वाचले, एवढं मला लगेच कळलं. बाकीचं कळायला वेळ लागला आणि काही अजूनही कळलेलं नाही.

त्यानंतर त्यांनी रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एका जागी नख थांबलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"काय न्हाय. गाडीचं पुस्तक हाय का बघा."

मी आत जाऊन कपाटात गाडीचं पुस्तक शोधलं. पंधरा मिनिटांनी घेऊन आलो, तेव्हा पत्नी त्यांना चहा देऊन परत येत होती. त्यांनी पुस्तक हातातही घेतलं नाही. खिशातून एक जुनं टोपण काढून बसवलं आणि म्हणाले, "एशी लावायचा न्हाय. साठच्या म्होरं न्हाय. घाटात दुसऱ्या गेरात. आन ह्या टोपणाला हात लावू नका."

"पैसे?"

"फेऱ्या संपल्यावर."

पुढच्या दोन आठवड्यांत माझी त्यांची चांगली ओळख झाली, कारण बेळगावहून परतल्यावर संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. त्यांचं दुकान तंबाखूच्या एका जुन्या वखारीच्या मागे होतं. वखार बंद पडून वर्षं झाली होती, तरी भिंतीला वास होता. नवीन माणूस आला की आधी दोन वेळा शिंकायचा. मेस्त्री मोजायचे. तीन शिंका देणाऱ्याला ते म्हणत, "निपाणीचं न्हवं हे."

भिंतीवर खिळ्यांना जुने पाईप टांगलेले होते, पंचवीस-तीस तरी असतील. कुठला फुगलेला, कुठला आतून सोललेला, कुठला बाहेरून कोरा दिसणारा आणि दाबला की बिस्किटासारखा कडकड वाजणारा. प्रत्येक पाईप कोणत्या गावच्या कोणत्या गाडीचा ते त्यांना पाठ होतं. गिऱ्हाईक आलं की आधी दोन पाईप दाबून दाखवा म्हणायचे आणि फरक सांगता आला नाही तर खूप खूश व्हायचे.

उजव्या हाताला ते जपत. नट कसायचा असो की हातोडा मारायचा, डाव्या हाताने. चहाचा ग्लास डाव्या हातात. मोटरसायकलवर उजव्या हातात मोजा. उजवा हात फक्त पाईप दाबायला. "गेज कशाला घेत नाही?" असं मी विचारलं. दाब मोजायचं साधं यंत्र बाजारात मिळतं. ते म्हणाले, "गेज आकडा सांगतंय. पाईप दुखतंय का ते सांगत न्हाय."

मी दूध संकलन केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. फॅट तीन पॉइंट पाच की तीन पॉइंट चार, यावर आमच्याकडे माणसं भांडतात. मी त्यांना म्हटलं, "हाताने कळलं असतं तर आम्ही मशीन कशाला बसवली असती?"

"तुमच्या आईला दूध हातानं कळत न्हवतं व्हय?"

"कळत होतं. पण तिच्या हातावर कुणी बिल देत नव्हतं."

यावर ते बराच वेळ हसले. पण गेज घेतलं नाही.

त्यांचं शिकवणं मला उलटसुलट वाटायचं. एकदा माझ्यासमोर सदलग्याचा एक बागायतदार मोठी गाडी घेऊन आला. पाईप दगड झालाय म्हणून घाबरला होता. मेस्त्रींनी दाबला आणि म्हणाले, "बराबर हाय. असाच पायजे. जावा." एक पैसा घेतला नाही. अर्ध्या तासाने एकजण आपली छोटी गाडी दोघांकडून ढकलवत घेऊन आला. त्याचाही पाईप तसाच. मी दोन्ही दाबले होते, माझ्या बोटांना फरक कळला नव्हता. त्याला मात्र मेस्त्री ओरडले, "चावीला हात लावू नगंस! एकदाबी चालू करायची न्हाय!"

"दोन्ही सारखेच तर होते," मी म्हटलं.

"सारखंच हुतं. पर त्यो सदलग्यासनं पळत आलता. ह्यानं घरात चालू करून मिनिटात बंद केली. इंजिन गार हाय न्हवं अजून? गार इंजिनात दाब कुठनं आला?"

हे मात्र मला समजलं. पाणी तापून फुगलं तर पाईप कडक होणारच. कुकरसारखंच, दाब असला की पाणी उशिरा उकळतं, म्हणून तो दाब हवाच. पण पाणी तापायच्या आत पाईप कडक झाला तर दाब दुसरीकडून आलेला असतो, फुटलेल्या गॅस्केटमधून. मी हे वहीत लिहिलं. खाली रोज सकाळच्या पाईपाच्या कडकपणाला दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "तीन म्हंजे काय?"

"म्हणजे दहापैकी तीन."

"दहा म्हंजे काय?"

ते मला सांगता येईना. मग एका बाजारच्या दिवशी ते मला भाजीबाजारात घेऊन गेले आणि वांगी, दोडके, पेरू दाबायला लावले. कुठला दाबल्यावर परत येतो आणि कुठला दबलेलाच राहतो ते बघा म्हणे. तिसऱ्या पेरूला भाजीवाली बाई उठलीच. "आवो मेस्त्री, घ्याचं असंल तर घ्या, न्हायतर पाईपच दाबा जावा तिकडं! आन ह्ये दुसरं कोण आणलंय संगं?"

"दूध डेअरीचं सायेब हायती."

"मग दूध दाबा म्हणावं!"

आम्ही दोन किलो पेरू घेऊन परतलो. निम्मे डागाळलेले होते.

फेऱ्या बऱ्या चालल्या होत्या. साठचा वेग, दुसरा गिअर, काच उघडी. पत्नी डोक्याला ओढणी बांधून पुढे बसायची आणि घाट लागला की बोलायची थांबायची. मला वाटायचं, थकली असेल. तवंदीच्या चढाला तापमानाचा काटा थोडा वर जायचा आणि उतरायचा. तो थोडा वर का जातो, हे मला सतावत होतं.

अकराव्या फेरीच्या दिवशी सकाळी पाणी बघताना मी टोपण पुसलं. ते किती दाब धरतं, तो आकडा झिजला होता. भिंग आणून वाचला: ०.७. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं १.१. मी तीन वेळा ताडून पाहिलं. मेस्त्रींनी आम्हाला कमी दाबाचं, कुठल्या तरी जुन्या गाडीचं टोपण बसवलं होतं. दाब कमी म्हणजे पाणी लवकर उकळणार, हे त्यांच्याच शिकवणीतून मला माहीत होतं. काटा वर का जातो ते आता उघड होतं. टोपणाला हात लावू नका, हे त्यांनी सांगितलं होतं; पण गरम टोपण उघडू नये हे प्रत्येक मेकॅनिक सांगतो, तसंच ते असेल, असं मी धरून चाललो. त्याच दिवशी बेळगावात पत्नी आत असताना मी दुकानात जाऊन १.१ चं नवं टोपण घेतलं आणि गुरुवारी सकाळी निघण्याआधी बसवलं. मेस्त्रींना विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्यांची चूक त्यांना दाखवून त्यांना वाईट वाटू नये, असा माझा विचार होता.

गुरुवारी तवंदी चढताना काटा हलला नाही. मी मनात स्वतःला शाबासकी दिली. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली. दहाला दहा कमी असताना वंटमुरीच्या घाटात पुढून फट् असा आवाज आला आणि काचेवर हिरवं पाणी उडालं. मी गाडी कडेला घेतली. वाफ इतकी होती की समोरचा डोंगर दिसेना. पत्नीला उतरवून झाडाखाली बसवलं. वाफ कमी झाल्यावर पाहिलं तर पाईप दोन्ही धड होते. वरची प्लास्टिकची टाकी आडवी फाटली होती.

मेस्त्रींना फोन लावला. त्यांनी फुटलं का, काय झालं, असं काही विचारलं नाही. विचारलं ते असं:

"टोपण कुठलं हाय?"

"नवीन घातलंय. एक पॉइंट एक. पुस्तकात तेच—"

त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मग म्हणाले, "आक्का कुठं हायती?"

"सावलीत."

"पयली लाल बस येईल ती थांबवा. आडवं उभारा. बायकांना तिकीट न्हाय, आक्कांचं आधार कार्ड दावा. तुमीबी संगं जा."

"आणि गाडी?"

"फाटलेली गाडी कोण न्हेतंय? चावी म्होरल्या चाकावर ठेवा. जावा तुमी!"

मी कधीही कुठलीही चावी चाकावर ठेवलेली नव्हती. ठेवली. तिसऱ्या प्रयत्नाला एक बस थांबली. कंडक्टर दारातूनच कानडीत, चढा, लवकर चढा, म्हणून ओरडत होता, "हत्तरी, लगूना हत्तरी!" पत्नीला उजव्या हाताला धरून वर घेतलं ते एका कॉलेजच्या मुलीने, आणि स्वतःची जागाही दिली. आम्ही दवाखान्यात अकरा पंचवीसला पोहोचलो. तिथल्या मुलाने यादी पाहिली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "दोन पेशंटनंतर घेतो, बसा." बारावी फेरी बारा दहाला झाली. खंड पडला नाही. मी बाहेर बाकावर बसून होतो.

परतीच्या बसने अडीच वाजता घाटात उतरलो, तेव्हा मेस्त्री आमच्या गाडीसमोर दगडावर बसून डाव्या हाताने हत्यारं पुसत होते. ते निपाणीहून बसने संकेश्वरला उतरले होते, तिथल्या भंगारवाल्याकडून आमच्या गाडीचा जुना पण धड रेडिएटर घेतला होता आणि तो मांडीवर घेऊन दुसऱ्या बसने घाटात आले होते. कंडक्टरने रेडिएटरचं लगेज तिकीट फाडलं, याचा त्यांना राग आला होता. "आक्का फुकट आन ह्येला तिकीट!"

गाडी चालू होती. मी बॉनेटखाली पाहिलं. बदललेल्या रेडिएटरवर माझंच १.१ चं टोपण होतं.

"हे कसं?" मी म्हटलं. "याच्यामुळेच तर फाटलं."

"ह्येची टाकी धड हाय. आता ह्येच बराबर." त्यांनी माझा हात धरून पाईपावर ठेवला. "दाबा. दबतंय, परत येतंय. कळलं?"

कळलं नाही, असं मी सांगितलं. जुन्या टाकीला काय झालं होतं ते आधी सांगा, असं म्हटलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. मूळच्या बंद पडलेल्या टोपणाने आत दाब कोंडून टाकीला केसाएवढी भेग पाडली होती. पहिल्या सकाळी नख थांबलं होतं ते तिथे. निपाणीत, चिकोडीत, संकेश्वरातही त्यांनी तेव्हा फोन करून बघितलं होतं, आमच्या गाडीचा रेडिएटर कुठेच नव्हता; संकेश्वरचा हा नंतर भंगारात आला होता. नवा मागवला तर यायला आठ दिवस. म्हणून त्यांनी मुद्दाम कमी दाबाचं टोपण लावलं होतं. पाणी थोडं लवकर उकळलं असतं, पण हळू चालवलं तर तेवढं तापणार नाही आणि भेगेवर जोर येणार नाही. पंचवीस फेऱ्या निघतील, असा त्यांच्या हाताचा अंदाज होता.

माझा आवाज चढला. "मग हे मला सांगायचं नाही? भेग पडलेल्या गाडीतून मी आजारी माणसाला रोज घाटातून नेतोय आणि मला माहीत नाही? सांगितलं असतं तर मी टोपण बदललं असतं का?"

मेस्त्री हत्यारं पुसत राहिले. उत्तर पत्नीने दिलं.

"मीच सांगितलं होतं त्यांना, तुम्हाला सांगू नका म्हणून."

"कधी?" मी विचारलं.

"तुम्ही आत पुस्तक शोधत होता तेव्हा मी विचारलं, नख कुठे थांबलं तुमचं? त्यांनी दाखवलं. मी म्हटलं, गाडी निघेल का? ते म्हणाले, निघंल, पर भरवसा हाताचा. मी म्हटलं, मला हाताचा चालेल. ह्यांना नाही चालायचा."

"म्हणजे तू रोज माहीत असताना बसत होतीस?"

"घाट लागला की तुम्ही काट्याकडे बघत होता. मी टाकीकडे कान लावून बसत होते." ती गाडीचं दार उघडत म्हणाली, "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही गाडी काढली असती का? खरं सांगा."

मी नसती काढली. आठ दिवस रेडिएटरची वाट बघितली असती, आठ दिवस डॉक्टरांना फोन केले असते. हे मी तेव्हा बोललो नाही, आता लिहितोय.

पुढच्या तेरा फेऱ्या त्याच भंगारातल्या रेडिएटरवर झाल्या. पत्नीच्या सहा-सहा महिन्यांच्या तपासण्या आतापर्यंत ठीक निघाल्या आहेत. मेस्त्रींनी दुकान बंद केलं आणि ते आता पिरनवाडीला मुलीकडे राहतात. दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी बॉनेट उघडायला लावलं.

त्या दिवसाचा दोष कुणाचा किती, हे मी अनेकदा मांडून पाहिलं. त्यांनी मला सांगायला हवं होतं. मी न विचारता टोपण बदलायला नको होतं. आणि तिने आम्हा दोघांच्या मध्ये उभं राहायला हवं होतं की नको, इथे येऊन माझं गणित दर वेळी अडतं. तिन्ही मिळून शंभर होत नाहीत, कधी कमी भरतात, कधी जास्त.

त्या दिवशी परतताना दिलेली रक्कम अशी; फेऱ्या संपायची वाट पत्नीने बघितली नाही. संकेश्वरच्या भंगारवाल्याला रेडिएटरचे अठराशे. मेस्त्रींना मजुरी सातशे, आणि बसचं जाण्याचं भाडं, लगेज धरून. अठराशे मी दिले. मेस्त्रींचे पैसे मी पाकीट काढेपर्यंत पत्नीने पर्समधून मोजून त्यांच्या हातात ठेवले होते. ते त्यांनी न मोजता खिशात टाकले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. पावती मागायची मला सवय आहे. त्या दिवशी ती दोघांपैकी कुणाकडे मागायची, ते मला ठरवता आलं नाही.